आबांनी वाजवलेली तुळई

ट्रक दहाला येणार होता, आणि साडेआठला धाकट्या सुनेला खिडकीच्या पट्टीवर पुन्हा पंख सापडले. या वेळी पंधरा-वीस नव्हेत, चांगले मूठभर. पिवळट, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे पातळ, सगळे एका मापाचे. तिने ते कागदावर झटकून घेतले, पुडी बांधली आणि पुडीवर पेन्सिलने तारीख घातली. ही चौथी पुडी.

ठकी पलंगावर बसून उशीचा कोपरा चोखत होती. चौदा महिन्यांच्या पोरीला हल्ली सापडेल ते तोंडात घालायचं होतं. धाकटीने आधी तिच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं, मग वर पाहिलं. वर तुळई. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली, सासऱ्यांनी, आबांनी, स्वतःच्या हाताने रंधा मारलेली. तिच्यावर माडीच्या फळ्या. त्या फळ्यांवर आज वन्संचं कागद कापायचं यंत्र चढणार होतं. बिडाचं धूड, चार माणसांनी उचलायचं.

महिन्याभरात तिने एकेक गोष्ट हेरली होती. आधी पंख. "मुंग्या गं त्या," सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुंगीला पंख फुटले की समजावं, तिचे दिवस भरले." पण मुंगीचे पुढचे पंख मोठे असतात, मागचे लहान. हे सगळे सारखे. कॉलेजात तिने प्राणिशास्त्र घेतलं होतं. या घरात ती पदवी ठकीचा ताप मोजण्यापलीकडे कशाला उपयोगी पडली नव्हती. मग खोलीचं दार अडकायला लागलं. हवा कोरडी, तरी दार फुगलेलं. मग तुळईच्या टोकाशी रंगाला फोड आला. तिने नखाने दाबला तर रंग कागदासारखा आत गेला आणि आत काहीच लागलं नाही. आणि शेवटी, कपाट सरकवलं तेव्हा, भिंतीवरून वर चढत गेलेली मातीची रेघ. पेन्सिलीएवढी जाड, थेट फरशीच्या फटीपासून तुळईपर्यंत.

"कुंभारीण आहे," सासूबाई म्हणाल्या, "गरीब बिचारी माती आणून घर करते. झाडूने काढून टाक, झालं." त्या गेली दोन वर्षं अशा रेघा झाडूने काढत आल्या होत्या. काढली की भिंत स्वच्छ, विषय बंद.

धाकटीने रेघ काढली नाही. सोमवारी तिने मधलं बोटभर मोडलं. आतून पोकळ नळी होती, आणि नळीत पांढरी वळवळ. बुधवारी ती जागा पुन्हा जोडलेली होती, ओल्या, गडद मातीने. दोन्ही वेळा तिने नवऱ्याला हाताला धरून आणून दाखवलं होतं.

"पाहिलं ना मी," नवरा आता शर्टाची बटणं लावत म्हणाला. घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणारा माणूस; आज बहिणीसाठी रजा घेतलेली. "मी नाही कुठं म्हणतोय?"

"मग आबांना सांगा ना."

"सांगतो."

"कधी? यंत्र चढल्यावर?"

"अगं, ताई पंधरा वर्षांचा संसार सोडून येतेय. तिने उंबऱ्यात पहिलं पाऊल टाकलं की मी म्हणू, थांब, माडीला वाळवी आहे?"

"पहिल्या पावलालाच म्हणायला हवं. दुसरं माडीवर पडणार."

तो कंगवा शोधू लागला. दारातून थोरल्या जावेने डोकं आत घातलं आणि आवाज खाली आणला. "तू बोल गं. न घाबरता बोल. मी आहे तुझ्या मागे." थोरलीला ती माडी आपल्या मुलीच्या अभ्यासासाठी हवी होती, हे घरातल्या भांड्यांनाही ठाऊक होतं. तरी मागे कुणी आहे म्हटल्यावर धाकटीला बरं वाटलं. तिने चारही पुड्या खिशात घातल्या.

*

गाडी भरलेली आहे की रिकामी, हे थोरल्याला ब्रेकच्या आवाजावरून कळायचं. आबांच्या हाताखाली सुतारकामाच्या कारखान्यात रोज लाकूड उतरवून घेणारा माणूस तो. ही भरलेली होती.

बहीण ड्रायव्हरशेजारून उतरली. डाव्या मनगटाला पट्टा. हाड नीट बसलेलं नव्हतं, ते पट्ट्यावरूनही दिसत होतं. कसं मोडलं ते या घरात कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच.

"दादा, यंत्र आधी उतरवू या. कागद नि पुठ्ठे मागून."

"तू हात लावू नकोस. बस जरा."

"पंधरा वर्षांत बसायची सवयच गेली रे," ती म्हणाली आणि हसली. वहीबांधणीचं काम करायची ती. शाळांची हजेरीपत्रकं, दवाखान्यांची रजिस्टरं. तिने बांधलेली वही कुठल्याही पानावर उघडा, सपाट पडायची. नवऱ्याच्या घरातून तिने दुसरं काही आणलं नव्हतं. एक यंत्र, कागदाचे गठ्ठे, सरसाचा डबा, कपड्यांची एक पेटी.

थोरल्याने कालच जिना मापून ठेवला होता. घसरवायला दोन फळ्या, बांधायला दोर, दोन हमाल, शिवाय आपण दोघे भाऊ. सगळं ठरल्याप्रमाणे. आणि जिन्याच्या पायथ्याशी धाकटी उभी, कडेवर ठकी.

"दादा, यंत्र वर नेऊ नका."

"का?"

"तुळईला वाळवी लागलीय."

हमालांनी दोर खाली ठेवला. थोरल्याला पहिल्यांदा तेच झोंबलं. हिने हे परक्यांसमोर म्हटलं. दोन हमाल, एक ड्रायव्हर. संध्याकाळपर्यंत गल्लीत, उद्या बाजारात. मिस्त्रीच्याच घराला वाळवी. मग दारं-खिडक्या करायला लोक काय लोहाराकडे जातील? जातील. लोखंडाच्या करून घेतील.

"हळू बोल."

"हळू बोलतेय महिनाभर. कुणाला ऐकू जात नाही." तिने पुड्या काढल्या.

"हे काय, चूर्ण?" थोरला हमालांकडे बघून हसला. "आमची भिंगवाली आहे ही. परवा आमटीत केस सापडला हिला. त्याचीही पुडी बांधून तारीख घातली असेल."

एक हमाल हसला. दुसरा पुडीतल्या पंखांकडे बघत राहिला.

"हे झडलेले पंख आहेत, दादा. वाळवी नवीन घर शोधायला उडते, जागा मिळाली की पंख टाकते. म्हणजे आत जुनं घर भरलंय. तुम्ही लाकडातले, तुम्हाला मी काय सांगू?"

"मग सांगू नकोस."

"म्हणजे मी येऊ नये, असं का?" बहिणीचा आवाज इतका साधा होता की सगळे तिच्याकडे वळले.

"वन्सं, तसं नाही हो—"

"कालपर्यंत तुळई ठणठणीत होती. मी ट्रक भरला नि तिला वाळवी लागली. वाळवीला बरं कळतं बाई, कोण घरी परतलं की डोकं वर काढायचं ते."

धाकटी लाल झाली. तिने थोरलीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला दाखवलं होतं ना मी? कपाटामागची नळी?"

थोरल्याने आपल्या बायकोकडे नुसतं पाहिलं. पुरलं तेवढं.

"मला काय कळतंय त्यातलं?" थोरली म्हणाली. "मला वाटलं कोळिष्टक."

"आज सकाळी तुम्ही म्हणालात—"

"सकाळी माणूस पुष्कळ काही म्हणतो. चहा व्हायचा असतो."

"आणि तुम्ही?" धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं.

धाकट्याने मान खाजवली. "माती होती, हे खरं. आता ती वाळवीचीच असं काही... म्हणजे मी काय त्यातला जाणकार नाही."

धाकटीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती थोरल्याला आवडली नाही. जिंकत होता तोच, तरी त्याने तोंड फिरवलं.

"वाद कशाला?" तो मोठ्याने म्हणाला, हमालांनाही ऐकू जाईल असा. "आबा घरात आहेत. त्यांनी वाजवलं की संपलं."

*

आबांनी वाजवणं म्हणजे काय, ते आई चाळीस वर्षं पाहत आल्या होत्या. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, पेराने लाकडावर तीनदा ठोकायचं, डोळे मिटून. मग एकच शब्द. भरीव, नाहीतर पोकळ. मधलं काही नाही. वखारवाले त्या शब्दावर ओंडका बाजूला काढून ठेवायचे. घरात तर प्रत्येक गोष्टीला तोच शब्द लागू झाला होता. शाळा, डॉक्टर, भाडेकरू, "आबांनी वाजवलंय का?" लेकीसाठी मुलगा पाहायला गेले तेव्हा तासभर त्याच्याशी गप्पा मारून बाहेर आले आणि चपला घालताना म्हणाले, "वाजवून पाहिला. भरीव आहे." पुढे कुणी काही विचारलं नाही.

आणि गेली दोन वर्षं आबांना ऐकू येत नव्हतं.

थोडं यायचं. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोललं की ते बरोबर उत्तर द्यायचे. पाठीमागून हाक मारली तर नाही. आईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की त्या मध्ये पडायच्या, "काय म्हणताय, गुरुवारी न्यायला येऊ? गुरुवारी येतो म्हणतायत हो ते!" लोक म्हणायचे, म्हातारी फार तोंडाळ झाली. होऊ दे. आबांनी आईंना कधी विचारलं नव्हतं की तू ओरडतेस का, आणि आईंनी आबांना कधी म्हटलं नव्हतं की तुम्ही ऐकत का नाही. दोघांनी मिळून जपलेली एवढी एकच लबाडी.

"त्यांचे गुडघे दुखतायत," आई आता म्हणाल्या. "स्टुलावर नका चढवू त्यांना."

"गुडघ्याने वाजवायचंय का, आई?" थोरला म्हणाला, आणि आबांना हात धरून धाकटीच्या खोलीत घेऊन आला.

सगळे आत आले. हमाल दारात. धाकटीने ठकीला पलंगावरून उचलून घेतलं. आबा स्टुलावर चढले, एक हात भिंतीला. तुळईवर त्यांनी आधी तळवा फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग बोट वाकवलं. डोळे मिटले.

तीन ठोके.

काड्यापेटीवर टिचकी मारावी तसा आवाज आला. रिकाम्या काड्यापेटीवर. तिसऱ्या ठोक्याबरोबर आत काहीतरी भुरभुरलंही. आईंना तो ऐकू आला. दारातल्या हमालालाही, कारण त्याने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

आबांनी डोळे उघडले. "भरीव," ते म्हणाले.

थोरल्याने तुळईकडे पाहिलं नि लगेच हमालांकडे. धाकटा फरशीकडे बघत होता. थोरली पुढे होऊन ठकीच्या गालाला बोट लावायला लागली, काय गं, काय गं. एका शब्दाखाली इतकी माणसं कशी मावतात, आईंच्या मनात आलं. मग धाकटीचं तोंड उघडताना त्यांना दिसलं, आणि त्यांचा हात आपोआप तिच्या दंडाकडे गेला. त्यांनी दंड दाबला. नको. या वयात, परक्यांसमोर, स्टुलावर उभ्या माणसाला नको.

धाकटीचं तोंड मिटलं. हात काढून घेताना आईंना समजलं की आपण दाबला तो दंड पोर धरलेला होता.

"चला," थोरला म्हणाला. "वाजवलं आबांनी. उचला यंत्र."

*

आबांच्या लेकीने ऐकलं होतं.

लहानपणी ती कारखान्यात रंध्याच्या सालपटांत बसून आबांच्या ठोक्यांवर पैजा लावायची. भरीव की पोकळ, आबा म्हणायच्या आत. दहांतले नऊ ओळखायची. पुढे पुस्तकांच्या पाठी हाताखालून गेल्या तेव्हा तोच कान कामाला आला. सरस आतपर्यंत गेला नाही की पाठ वेगळी वाजते.

भरीव हा शब्द खरा असावा असं या खोलीत तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. माडीला आतून कडी होती. तिने फोनवर आईला पहिली गोष्ट तीच विचारली होती, कडी अजून लागते का. नुसतं गप्प राहायचं होतं. यंत्र वर जाईल, ती वर जाईल, कडी लागेल. एवढं वजन सोसलं तर वर्षं सोसेल तुळई. नाही सोसलं तर ती वर असेल, आणि खाली ही पोर.

ठकी तिच्याचकडे बघत होती. आत्याला पहिल्यांदाच बघत होती, आणि अजून काही ठरवलेलं नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वी, पाहायला आलेल्या त्या माणसाला चहा यायला उशीर झाला होता. त्याने पाण्याच्या पेल्यावर नख वाजवलं होतं, हसत हसत, न थांबता. तिला तेव्हाही ऐकू आलं होतं. पण आबा आधीच म्हणाले होते, भरीव.

"आबा."

ते स्टुलावरून उतरत होते. त्यांनी पाहिलं नाही. थोरला मध्ये आला, "चल गं, खाली चल, हमाल खोळंबलेत." ती त्याला वळसा घालून आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. ओठ नीट हलवत म्हणाली, "पोकळ आहे."

"काय?"

"पोकळ वाजलं. सगळ्यांनी ऐकलं. तुम्हीच ऐकलं नाहीत."

"मी वाजवलंय," आबा म्हणाले.

"मलाही वाजवूनच दिलं होतंत."

"अगं, काय बोलतेस!" थोरला ओरडला. आईंनी डोळ्यांना हात लावला. आबा मात्र तिच्या ओठांकडे बघत राहिले, वाक्य संपल्यावरही, जणू अजून काही यायचं होतं. मग त्यांची नजर हलली. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. थोरला, धाकटा, थोरली, दारातले हमाल. शेवटी आई. माणूस वाचायला त्यांना आवाजाची गरज उरली नव्हती.

"पटाशी आण," ते थोरल्याला म्हणाले. "बारकी."

"आबा, राहू दे ना. नंतर बघू."

"आण."

पटाशी आली. आबा पुन्हा चढले. हातोडी त्यांनी मागितलीच नाही. रंगाच्या त्या फोडावर पात्याचं टोक ठेवलं आणि मुठीवर तळव्याने दाब दिला. पातं गेलं. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं, आवाज न करता, पार मुठीपर्यंत. आबांनी ते पिरगाळलं आणि हातभर रंगाचा पापुद्रा सुटून खाली आला.

आत लाकूड नव्हतं. लाकडाच्या रेघा होत्या, एकीवर एक, पातळ, मध्ये माती. मजकूर कुणीतरी खाऊन टाकावा आणि पानांच्या कडा तेवढ्या शिल्लक राहाव्यात, तसं तिला दिसलं. आणि मग ती पांढरी रास ओघळली. पिठासारखी, पण चालणारी. पलंगावर, चादरीवर, ठकीच्या उशीवर.

थोरलीने किंकाळी फोडली. धाकट्याने चादर ओढून काढली, गोळा करून बाहेर धावला.

आबा पटाशी हातात धरून वरच उभे होते. "हा ओंडका मी निवडला होता," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग, "कधीपासून?"

लाकडाबद्दल विचारतायत की कशाबद्दल, ते कुणाला समजेना. आई पुढे झाल्या, त्यांच्या समोर गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "दोन वर्षं."

*

तासाभरात कारखान्यातून दोन जाड वासे आले आणि तुळईखाली टेकू म्हणून उभे राहिले. कुठे ठोकायचे ते आबांनी दाखवलं, नुसत्या बोटाने. मग ते पटाशी घेऊन घरभर फिरले. धाकटीच्या खोलीची चौकट गेली होती. जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या गेल्या होत्या. माडीचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

आपलं खरं ठरलं, धाकटी मनात म्हणाली. काही वाटतंय का ते पाहिलं. काही वाटेना. ठकीच्या केसांतून तिने बोट फिरवलं, कानामागे पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. एक सापडली. तिने ती चिरडली.

बाहेरच्या खोलीत थोरला उभ्या उभ्या हिशेब लावत होता, कोण कुठे. आबांची खोली आबांची. त्याची त्याची. धाकटीची बंद, माडी बंद. उरली ही बाहेरची. "इथं धाकटे राहतील. पोर आहे त्यांचं."

"तेच बरं," थोरली म्हणाली, आणि चहाचा कप धाकटीच्या हातात देत हळूच, "मी म्हटलं होतं ना, मी आहे तुझ्या मागे."

"आणि ही?" आईंनी विचारलं.

"आई, आज ना उद्या औषधवाला येईल. जमिनीत भोकं पाडून औषध भरायचं, तुळई बदलायची, दोन महिने तरी जातील. तोवर... कुठंतरी सोय होईलच ना."

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

थोरला पुन्हा बोटांवर खोल्या मोजू लागला. वन्सं दारातच होत्या. सगळं ऐकत होत्या. त्यांनी आई-भावाकडे पाहिलं नाही. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. नजरेत विनवणी नव्हती, तक्रार नव्हती. बसायला जागा आहे का, म्हणून एखादी बाई दुसरीकडे बघते, तसं.

खोली बारा पावलांची होती. एक पलंग मावेल. खाली एक गादी मावेल. कोपऱ्यात ते यंत्र, हातभर लांबीचं पातं, आणि ठकी हल्ली उभी राहायला जे दिसेल ते धरते. सरसाचा डबा, त्याला झाकण असेल की नसेल. आणि रस्त्यावरचं दार हेच. वन्संचा नवरा शोधत आला तर याच दारात येईल. ओरडेल, लाथ मारेल, आणि दाराच्या आत पहिली ठकी असेल.

यातलं एकही खोटं नव्हतं. खरं तेवढं दिसण्याची तिच्या नजरेला सवय होती. एक वाक्य फक्त म्हणायचं होतं, वन्सं आमच्यात झोपतील. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो बोलायला तयार दिसत होता. ओठ उघडलेले, डोळे तिच्यावर. तिने मान हलवली असती तर त्याने म्हटलं असतं.

धाकटीने ठकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. वन्संच्या बाजूच्या कडेवरून.

तेवढंच. पण वन्संनी पाहिलं.

"दादा, तू कशाला डोकं शिणवतोस?" त्या म्हणाल्या. "अर्धं सामान गाडीतच आहे. हमालांनाही परत बोलवायला नको."

"अगं, पण जाशील कुठं?"

"बघते ना."

"थांब जरा," आई म्हणाल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "जेवून तरी जा."

"आई, तू आत जा. ते एकटे बसलेत. आणि त्यांच्याशी समोरून बोल, मागून ओरडू नकोस. घाबरतात ते."

उंबऱ्याशी त्या धाकटीपाशी थांबल्या. चांगल्या हाताने ठकीचं पाऊल धरलं, अंगठा तळव्यावरून फिरवला. ठकी हसली, आत्याबद्दल तिचं ठरलं होतं.

"पलंगाचे पाय बघून घे आधी," वन्सं म्हणाल्या. "खालून पोखरतात. उन्हात टाका दोन दिवस, मगच हिला झोपव."

"वन्सं," धाकटी म्हणाली.

त्या थांबल्या. खरंच थांबल्या, घाई नव्हती त्यांना. धाकटीच्या घशात वाक्य होतं, पूर्ण, व्याकरणासकट. ठकीने तिचा कान ओढला. तिने ठकीचा हात सोडवला.

"सावकाश जा," ती म्हणाली.

यंत्र पुन्हा ट्रकवर चढलं. उतरवायला लागला त्याच्या अर्ध्या वेळात. वन्सं ड्रायव्हरशेजारी बसल्या, मनगट मांडीवर ठेवून.

"कुठं घेऊ?" ड्रायव्हरने विचारलं.

"जिथून भरलं तिथंच."

ड्रायव्हरने एकदा त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग आरशात. गाडी निघाली. धाकटी पायरीवर उभी होती. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि पुन्हा आत गेला.

गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला. मोठ्या रस्त्यावर वाहनांची रांग होती, एकामागून एक, तुटेचना. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. खिडकीतून वन्संचं कोपर दिसत होतं, बाहेर टेकवलेलं, न हलणारं. एक बस गेली. मग पाण्याचा टँकर, मग सायकलीवरून दोन बायका, बोलत बोलत, अगदी सावकाश. मग रस्ता मोकळा झाला. तरीही ट्रक क्षणभर तिथेच उभा राहिला, आणि मग वळला.